जुनी फियाट घरी रिस्टोर करायचीय? आधी कागद, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

जुन्या फेरारी-लॅम्बोर्गिनी उघडून नट न नट मोकळा करायचे व्हिडिओ बघून डोक्यात किडा वळवळायला लागतो, पण जळगाव-धुळ्यात बसून तो नाद परवडणार नाही हे सगळ्यांनाच कळतं. मग नजर जाते मामाच्या गावाला खळ्यात उभ्या असलेल्या फियाटकडे. हीपण इटलीचीच, 1100 डी च्या डिझाइनवर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, घरच्या पान्यांनी उघडता येते. इथपर्यंत सगळं ठीक.

घोटाळा पुढे होतो. गाडी आणली की माणूस पहिले रंगवायला टाकतो, मग इंजिन बघतो, मग ब्रेक, आणि आरटीओचं नाव शेवटी काढतो. तोपर्यंत पैसे संपलेले असतात आणि नव्या रंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या पडलेल्या असतात. म्हणून क्रमाने लिहितोय, क्रम मोडू नका.

## 1. गाडी शोधायच्या आधी

जागा पाहिजे. गाडी उभी राहील तेवढी नाही, चारही दरवाजे उघडून माणूस फिरेल आणि काढलेलं सामान मांडता येईल एवढी, वर पत्रा किंवा स्लॅब असलेली. ताडपत्री टाकून अंगणात करू म्हणणाऱ्यांची गाडी पहिल्या पावसाळ्यात परत गंजते.

हत्यारं: रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, गोटी पाना सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना), मल्टिमीटर, ग्रीस गन, चांगला जॅक आणि चार घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड. घोड्यांवर पैसे वाचवू नका. विटा रचून, नाहीतर नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी झोपायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

पैसे: मनात जो आकडा असेल त्याच्या निम्मे अजून बाजूला ठेवा, आणि गाडीची किंमत त्या आकड्यात धरू नका.

सामानाचं एक बरं आहे, फियाटचे पार्ट अजून मिळतात. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, पण इतकी वर्षं टॅक्सी चालल्या म्हणून इंजिन-ब्रेक-सस्पेन्शनचं सामान बाजारात आहे. अवघड जातं ते बाहेरचं शोभेचं: जाळी, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, मीटर, हँडल. म्हणून गाडी घेताना इंजिन थकलेलं चालेल पण हे सामान अंगावर पाहिजे. लोक नेमकं उलटं बघतात.

## 2. कागद आधी, गाडी नंतर

आरसी बुकचा फोटो मागवा, मगच पेट्रोल जाळून बघायला जा. आरसी हरवली, मालक वारला, मुलांमध्ये वाटणी चालू आहे, असल्या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या स्वस्त असतात, स्वस्त असण्याचं कारणच ते.

काय बघायचं ते सांगतो. आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का. नसेल आणि मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या, त्याला फॉर्म 31 लागतो. मालक हयात असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सही. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म 28. एमएच 18 धुळे, 19 जळगाव, 39 नंदुरबार हे सगळ्यांना माहीत आहे, पण या गाड्यांवर बऱ्याचदा त्याच्याही आधीची तीन अक्षरी नंबरप्लेट असते, आणि तो नंबर ऑनलाइन सिस्टिममध्ये दिसतच नाही. म्हणजे गाडी बोगस आहे असं नाही, जुन्या रजिस्टरमधून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ते काम विकणाऱ्याच्या गळ्यात टाका, आणि एंट्री दिसल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

तपासा: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. गंज घासून काढा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा, छाप घ्या, आरसीशी एकेक आकडा जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तिथेच थांबा. विकणारा म्हणेल "काही होत नाही भो, सगळं मॅनेज होतं." त्याचं होतं, तुमचं होत नाही.

एक प्रश्न सारखा येतो, व्हिंटेज नंबर घ्यायचा का. 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात बसते. नंबरमध्ये व्हीए येतं, नवीन नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षं चालते, नंतर परत नोंदणीला 5,000. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. बायका-पोरांना घेऊन पाटणादेवीला जायचं असेल तर साधं रजिस्ट्रेशनच रिन्यू करा, ते पाच-पाच वर्षांचं मिळतं. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारला ती फी 10,000 रुपये झालीय, वर पर्यावरण कर वेगळा आणि मुदत उलटून गेली असेल तर दंड वेगळा. हे सगळं भाव करताना हिशोबात धरा.

## 3. गाडी बघायला जाणं

दिवसा जा, जुने कपडे घालून जा. सोबत टॉर्च, एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि अंथरायला पोतं.

फियाटला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. म्हणून पत्रा सडला म्हणजे नुसती दिसायला खराब झाली असं नाही, गाडीचा कणाच गेला. दरवाज्याखालची जी लांब पेटी असते ना, सिल, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. मधेच आवाज बसका झाला, थप्प असा, की तिथे आत पुट्टी भरलीय नाहीतर पापुद्रा राहिलाय. चुंबक लावा, चिकटत नाही, पुट्टीच. आता टोक टेकवून थोडा जोर द्या. टोक आत गेलं तर विकणाऱ्याचं तोंड बघू नका, वहीत लिहा.

मग पायाखालचं मॅटिंग उचला. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पट्टे बॉडीला जिथे बसतात ती जागा, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो तो कोपरा. दरवाजे उघडून वर उचलून बघा. बिजागरी ढिली असेल तर ठीक, पण दरवाजा बंद करताना खाली घासतो आणि वरची फट एका बाजूला जास्त आहे असं दिसलं तर बॉडी मधून बसलीय.

आपल्याकडच्या हवेत गंज कमी, हे खरं आहे. पण गाडी कुठे उभी होती ते विचारा. ज्या शेडमध्ये खताच्या गोण्या ठेवतात त्या शेडमधली गाडी खालून पार खाल्लेली असते, आणि जिथे कापूस भरतात तिथे उंदरांनी सीटमध्ये घरं करून वायरिंग कुरतडलेलं असतं. वायरिंग बदलता येतं. खताच्या शेडमधली मी तरी घेणार नाही.

इंजिनबद्दल विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं: "चालू शे भो, फक्त बॅटरी नाही." बॅटरी नाही ना, मग हाताने फिरवून बघा. गिअर न्यूट्रल, प्लग काढा, पुढून हँडल घाला नाहीतर पुलीच्या नटाला पाना लावा आणि हळू फिरवा. फिरलं तर उत्तम. जाम असेल तर जोर लावू नका, भाव पाडा आणि इंजिन पूर्ण उघडायचं आहे असं धरूनच पैसे ठरवा. ऑइलची डिपस्टिक काढा, दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर पाणी गेलंय आत. हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, गाडी एकदा जोरात तापली की ते वाकतं आणि गॅस्केट जातं.

हँड गिअर (स्टिअरिंगजवळचा) अडकतो म्हणून गिअरबॉक्स गेला असं सांगतील. बहुतेक वेळा गिअरच्या दांड्यांचे, लिंकेजचे बुश झिजलेले असतात, किरकोळ काम आहे. हे माहीत असलेला माणूस तिथेच चांगले पैसे वाचवतो.

## 4. घरी आणणं आणि इंजिन जागं करणं

चालवत आणायची नाही. दोर बांधून ट्रॅक्टरमागे तर अजिबात नाही. टोइंगची फ्लॅटबेड बोलवा.

आल्यावर लगेच पाने घेऊन बसू नका. उघडायच्या आधी इंजिन एकदा चालू करून बघायचं, कारण एकदा सगळं मोकळं केलं की क्लच घसरत होता की नाही, गिअरला आवाज होता की नाही हे कळायचा मार्ग राहत नाही. पण वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारला तर रिंगा आणि बेअरिंग कोरडे घासतात. म्हणून असं:

1. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. जवळ फायर एक्स्टिंग्विशर, नसेल तर निदान कोरड्या वाळूची बादली.
2. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. वास वार्निशसारखा येईल. टाकी खोलून आतला गंज बघा. पहिल्या स्टार्टला टाकी वापरूच नका, छोट्या बाटलीतून नळीने ताजं पेट्रोल द्या, बाटली सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा.
3. जुनं ऑइल काढा, फिल्टर साफ किंवा नवा, नवं ऑइल भरा.
4. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे ऑइल. रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताने फिरवा.
5. रेडिएटरमध्ये पाणी भरा, गळती बघा.
6. प्लग काढलेलेच ठेवून, कॉइलची वायर काढून, सेल्फ थोडा-थोडा मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. विझत नसेल तर पुढे जाऊ नका.
7. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गॅप लावा, प्लगला ठिणगी येते का बघा. मगच प्लग लावून स्टार्ट.

थांबा: बॅटरी लावताना गाडीची अर्थिंग बॅटरीच्या कोणत्या टोकाला आहे, प्लस की मायनस, ते बघून लावा. उलटी लागली की बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमो-कटआउटचं काम नवीन वाढतं.

चालू झालं तर कानाने ऐका आणि वहीत लिहा. निळा धूर, टकटक, पाण्यात बुडबुडे, गिअर टाकताना खरखर. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून ठेवा. सगळे आकडे सारखेच कमी असतील तर झीज आहे. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर बहुधा गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय.

## 5. उघडणं

इथे लोकांचा उत्साह ओसंडून वाहतो आणि रविवारी चार मित्र मिळून संध्याकाळपर्यंत गाडीचा सांगाडा करतात. सहा महिन्यांनी मग पोत्यात एकत्र पडलेले नट-बोल्ट.

काढायच्या आधी फोटो, काढताना फोटो, काढल्यावर फोटो. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, श्रीखंडाचे रिकामे डबे झकास कामाला येतात, आणि डब्याच्या आतसुद्धा चिठ्ठी टाका कारण वरची पेनची शाई ऑइलने पुसली जाते. वायरला चिकटपट्टी लावून नाव. प्लगच्या वायरींना 1 ते 4 नंबर. जुना पार्ट नवीन मिळेपर्यंत फेकायचा नाही, भंगारवाल्याला द्यायचा नाही, नमुना म्हणून तोच दुकानात दाखवावा लागतो.

एका वेळी एकच भाग. ब्रेक उघडले, ब्रेक पूर्ण करा.

## 6. पत्र्याचं काम

सडलेला पत्रा कापून नवीन जोडायचा. वरून पुट्टी, फायबर, डांबर असलं काही नाही. डेंटरला हे आधीच आणि समोर उभं राहून सांगा, कारण सडक्या पत्र्यावर पुट्टी मारणं त्याला सोपं जातं आणि बिल तेवढंच होतं.

सिल कापायच्या आधी दरवाजे बसवलेलेच ठेवा आणि आतून लोखंडी अँगल आडवा-उभा टाचून घ्या. बॉडीचा आधार काढला की ती खाली बसते, मग नवीन सिल त्या वाकड्या मापात जोडली जाते आणि दरवाजे आयुष्यभर लागत नाहीत. एका बाजूची सिल पूर्ण करा, मग दुसरी. दोन्ही एकदम कापू नका. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा येतात, सीओटू वेल्डिंगने थोडे-थोडे टाके मारलेले बरे.

वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढलेली, टाकी गाडीतून बाहेर, सीट-कापड बाहेर. रिकाम्या टाकीला कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत पेट्रोलची वाफ असते.

काम झालं की उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रंग नाही. प्रायमर मारून सोडून द्या.

## 7. ब्रेक आणि पुढचा भाग

गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बहुतेक जुन्या गाड्यांना एकच सर्किट, म्हणजे एका चाकाचा सिलेंडर फुटला की पेडल सरळ तळाला. त्यामुळे इथे "चालतंय तोवर चालू दे" नको. मास्टर सिलेंडर, चारही व्हील सिलेंडरचे किट, सगळे रबरी होज नवीन, लोखंडी पाइपला गंजाचे खड्डे असतील तर तेही.

थांबा: ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क.

ब्रेक ऑइलच घाला, इंजिन ऑइलचा थेंब जरी गेला तरी रबर फुगतं. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल मिनिटभर दाबून धरा, हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय.

पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं त्या किंग पिनला आणि तिच्या बुशला ग्रीस पोचतंय का बघा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट वाजलं तर किंग पिनचं किट टाका. टायरची नक्षी चांगली दिसली तरी टायर जुनेच असतात, बदला.

## 8. इंजिन, पाणी, पेट्रोल

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग हे घरी होत नाही, मशीन शॉपला द्या. पण पिस्टन आधी विकत घ्या आणि पिस्टन हातात देऊनच बोअर करायला सांगा, माप पिस्टनवरून निघतं. बोअर करून ठेवलं आणि त्या साइजचा पिस्टन बाजारात नाही, ही रड नेहमीची. हेडचे नट आवळताना मधल्यापासून बाहेरच्याकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच.

खान्देशात ही गाडी मरते ती तापून. मे महिन्यात बाहेरच 44-45 असतं, आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी ओतून ओतून आत खडू जमलेला. रेडिएटर वरवर धुऊन उपयोग नाही, त्याच्या टाक्या उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घ्या. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), सगळे होज आणि ब्लॉकचे कोअर प्लग नवीन. भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे फॅशन आहे, ती चुकीची, चांगला थर्मोस्टॅट बसवा.

पेट्रोलचं नवीन दुखणं म्हणजे आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं. जुने रबर त्याने मऊ पडतात, आणि टाकीतला जुना थर सुटून कार्बोरेटरमध्ये येतो. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं किट नवीन, मधे एक पारदर्शक फिल्टर. सुरुवातीला तो फिल्टर वरचेवर बघा. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

## 9. वायरिंग

उंदराने चार ठिकाणी कुरतडलेलं असेल तर चार जोड मारत बसू नका, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, बदला. या गाड्यांना फ्यूज मोजकेच, म्हणून हेडलाइट आणि हॉर्नला रिले टाकून घेतलेले बरे, स्विच जळत नाहीत.

## 10. रंग

इथपर्यंत गाडी रंगाविना, प्रायमरमध्ये, चार-सहा आठवडे गल्लीत चालवा. लोक हसतील, हसू द्या. जे गळायचं ते आता गळेल, जे परत उघडावं लागेल ते उघडताना रंगाला ओरखडा नको. फक्त बोनेटखालची बाजू, ती इंजिन बाहेर असतानाच रंगवून घ्यायची.

रंगाचा मोसम दिवाळीनंतर होळीपर्यंत. उन्हाळ्यात थिनर पत्र्यावर पडायच्या आधीच उडतं, रंग संत्र्याच्या सालीसारखा येतो आणि धूळ चिकटते ती वेगळी. पावसाळ्यात दमट हवेने पांढुरका पडतो. चिंचेखालच्या शेडमध्ये चालणार नाही, बंद जागा, जमिनीवर पाणी मारून. पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारायचा विचार असेल तर रुमाल बांधून चालत नाही, त्याचं हार्डनर फुप्फुसाला लागतं, बूथवाल्याला द्या. सीट-कापड, छताचं अस्तर रंगानंतर.

आरसीवर रंग लिहिलेला असतो. बदलणार असाल तर आरटीओची परवानगी आधी.

## 11. रस्त्यावर

आरटीओत गाडी दाखवायच्या आधी इन्शुरन्स, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक. नवीन इंजिनाला पहिले 500 किलोमीटर ताणायचं नाही, मग ऑइल बदला, इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट परत टॉर्कला बघा, व्हॉल्व्हची गॅप लावा.

गल्लीबाहेरच्या पहिल्या फेऱ्या घराजवळ, मोबाइलला रेंज असेल अशा रस्त्याने, सकाळी लवकर. धुळ्याहून लळिंग घाट चढून उतरून आलात तर कूलिंग आणि ब्रेक दोन्हीची परीक्षा होते. कन्नडचा घाट त्यानंतर. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ड्रम ब्रेक सारखे दाबून धरले की तापून धरेनासे होतात. खाली आल्यावर गाडी थांबवून चारही ड्रमजवळ लांबूनच हात धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक शू अडकतोय, घरी जाऊन तेच चाक उघडा.